खांद्यातला खडू

प्रश्न : डॉक्टर, मी ४७ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. गेले आठ-नऊ महिने उजवा खांदा अधूनमधून दुखत होता. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना किंवा हात पाठीमागे नेताना चमक निघायची. मी दुर्लक्ष केलं. तीन आठवड्यांपूर्वी रात्री दोन वाजता अशी कळ सुटली, की कुणी हात उपटून काढतंय असं वाटलं. ना झोपता येईना, ना बसता. पहाटे दवाखान्यात नेलं, खांद्याचा एक्स-रे फोटो काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'सुप्रास्पायनेटस टेंडनमध्ये सुमारे १४ मिलिमीटरचा कॅल्शियमचा साठा, कडा पुसट.' दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन आणि हात झोळीत बांधून घरी पाठवलं. हात अजून झोळीतच आहे. कळ आता पुष्कळ कमी आहे, पण हात वर जात नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून कॅल्शियम काढून टाकू म्हणून सांगितलंय, मी तारीख कळवायची आहे. नणंद म्हणते, गरम तेलाने रगडून मालिश केलं की गाठ विरघळते. शेजारच्या काकू म्हणाल्या, कॅल्शियम साठलंय तर दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद कर. मी दोन्ही बंद केलंय. गोळ्या हाडं ठिसूळ व्हायला लागली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिल्या होत्या. मला सहा वर्षांपासून डायबेटिस आहे. माझं काय चुकलं? फळ्यावर लिहून लिहून हे झालं का? ऑपरेशन करू का? आणि दुसऱ्या खांद्यातही होईल का?
— एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

आधी त्या रात्रीबद्दल बोलते. हात मोडलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा खुर्चीवर बसतो. या दुखण्याचा माणूस बसतच नाही. चांगल्या हाताने दुखरं कोपर धरून, ते पोटाशी घट्ट दाबून, तो तपासणीच्या खोलीत येरझाऱ्या घालत असतो. कुणी नुसतं जवळ आलं तरी खांदा चोरतो. डोळ्यांवरून कळतं की रात्रभर पाठ टेकलेली नाही. त्यामुळे त्या रात्री कुणी 'एवढं काय त्यात' म्हणालं असेल, तर ते मनातून काढून टाका. खांद्याच्या सगळ्या दुखण्यांत या कळेचा नंबर फार वरचा आहे.

आता जे सांगतेय ते ऐकायला विचित्र वाटेल. ती रात्र तुमचा आजार वाढल्याची नसावी. तो उतरणीला लागल्याची असावी. मी तुम्हाला तपासलेलं नाही, फोटो माझ्यासमोर नाही, म्हणून 'असावी' म्हणतेय. पण तुम्ही रिपोर्टमधले दोन शब्द उतरवून पाठवलेत, 'कडा पुसट', आणि ते दोन शब्द माझ्या दृष्टीने १४ मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. का, ते सांगते.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला मोठा चेंडू. तो घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला चहूबाजूंनी कवटाळून धरतात. स्नायू जिथे दोरीसारखा होऊन हाडाला बांधला जातो त्या भागाला टेंडन म्हणतात, मराठीत कंडरा. या चारांपैकी सुप्रास्पायनेटसची कंडरा चेंडूच्या वरून जाते आणि तिच्या डोक्यावर खांद्याच्या टोकाच्या हाडाचं छप्पर असतं. हाड आणि कंडरा एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक पातळ, बुळबुळीत पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. जागा सगळी अडचणीची. तुमचा साठा या कंडरेच्या पोटात आहे. कॅल्शियम सापडण्याची ही नेहमीची जागा, हाडाला चिकटते तिथून साधारण एक-दीड सेंटिमीटर अलीकडे.

तिथे घडतं काय, तर कंडरेच्या एका तुकड्यातल्या पेशी आपलं रूप बदलतात आणि कूर्चेच्या पेशींसारख्या वागायला लागतात. मग त्यांच्या आसपास कॅल्शियमचे स्फटिक जमा होतात. ज्या द्रव्याने आपली हाडं आणि दात घट्ट होतात तेच हे द्रव्य, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, फक्त चुकीच्या जागी. सुरुवातीला साठा कोरडा आणि भुसभुशीत असतो. ऑपरेशनमध्ये तो बाहेर काढला की हुबेहूब खडूसारखा दिसतो, बोटात चुरडला की पूड होते. तुमच्या हातात रोज असतो तोच खडू डोळ्यांसमोर आणा. या काळात तो फारसा त्रास देत नाही. वरच्या छपराला अडकला की चमक निघते, कुशीवर झोपलं की ठणकतं, एवढंच. तुमचे आधीचे आठ-नऊ महिने ते हेच. हा खडू कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं तसाच पडून राहतो.

आणि मग एके दिवशी शरीर त्याची दखल घेतं. साठ्याभोवती बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि स्फटिक गिळायला लागतात. खडू भिजतो, फुगतो, त्याची टूथपेस्ट होते. कंडरेच्या आत जागा नाही, त्यामुळे दाब वाढतो. थोडी पेस्ट फुटून वरच्या बर्सात सांडली, की तिथे आग भडकते. रात्री दोन वाजताची कळ ती हीच. फोटोतही हा बदल दिसतो. कोरडा खडू फोटोत ठळक, पांढराशुभ्र, रेखीव कडांचा दिसतो. विरघळायला लागलेला साठा ढगासारखा, कडा पुसट झालेला. म्हणून म्हटलं की ते दोन शब्द महत्त्वाचे. कॅनडातले अस्थिरोगतज्ज्ञ हान्स उथॉफ यांनी ही सगळी पायरी-पायरीची वाटचाल सूक्ष्मदर्शकाखाली बघून मांडली. कंडरा झिजली-सडली म्हणून कॅल्शियम साठतं, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. साठा विरघळून गेला की बहुतेकांची ती जागा पुन्हा कंडरेच्याच धाग्यांनी भरून येते.

म्हणजे तुमच्या शरीराने काम हातात घेतलंय. तुमची सगळ्यात वाईट रात्र मागे पडली आणि कळ 'पुष्कळ कमी' आहे, हे तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी ऑपरेशनची तारीख देऊ नका. शरीर जे स्वतः काढून टाकतंय ते काढायला दुर्बीण घालायची घाई कशाला?

आता 'माझं काय चुकलं'. काहीही चुकलं नाही. हे मी धीर द्यायला म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती तशी आहे. कंडरेतल्या या साठ्याचा पोटात जाणाऱ्या कॅल्शियमशी संबंध नाही. या रुग्णांचं रक्त तपासलं तर कॅल्शियमचं प्रमाण सहसा अगदी नेमकं असतं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं आणि ते जाऊन खांद्यात बसलं, असा हा प्रकारच नाही. ज्या पेशींनी रूप बदललं त्या जागच्या जागी तो साठा तयार करतात. तुम्ही दूध सोडलंत म्हणून खांद्यातला एक कणही कमी होणार नाही. कमी होईल ते हाडांतलं, जिथे त्याची खरी गरज आहे आणि जे तुमच्या बाबतीत आधीच उणं आहे.

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडून एक चूक झालेली आहे. नवीन असताना एका बाईंना मी फोटो दाखवून म्हटलं, 'खांद्यात कॅल्शियम साठलंय.' एवढंच म्हटलं, औषध लिहिलं, पुढचा रुग्ण बोलावला. त्यांनी घरी जाऊन तुमच्यासारखंच केलं, गोळ्या आणि दूध बंद. तीन वर्षांनी त्या आल्या तेव्हा साध्या घसरण्याने मनगट मोडलं होतं. खांद्याचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, 'तो तर तेव्हाच बरा झाला, पण पथ्य अजून पाळतेय.' मनगट गोळ्या बंद केल्यामुळेच मोडलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ते पथ्य माझ्या अर्धवट वाक्यातून आलं होतं. तेव्हापासून 'कॅल्शियम साठलंय' हे वाक्य मी पुढचं वाक्य जोडल्याशिवाय उच्चारत नाही. तुमच्या काकूंनी मायेपोटीच सांगितलं असणार, त्यांच्यावर रागावू नका. पण उद्या सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून गोळ्या बंद केल्याचं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा.

फळ्याचंही तसंच. हा आजार काय फळ्यावर लिहिणाऱ्यांचा किंवा ओझी उचलणाऱ्यांचा नाही. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांतही तो सर्रास दिसतो. १९४१ मध्ये अमेरिकेत बॉसवर्थ नावाच्या डॉक्टरांनी ६,०६१ लोकांचे, म्हणजे १२,१२२ खांदे तपासले. त्यातल्या २.७ टक्के खांद्यांत कॅल्शियम सापडलं, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना आपल्या खांद्यात असं काही आहे याचा पत्ताही नव्हता. साठा असणं आणि तो दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात वर करून लिहिल्याने असलेला साठा छपराला अडकून दुखतो, पण लिहिल्याने तो तयार झाला असं म्हणता येत नाही. पेशी रूप का बदलतात याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. तिशी ते साठी या वयात हे जास्त दिसतं, बायकांत पुरुषांपेक्षा थोडं अधिक, आणि डायबेटिस व थायरॉइडचे विकार असणाऱ्यांत अधिक. तुमची साखर तुम्ही तपासतच असाल. थायरॉइडची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती करून घ्या.

आता ज्या गोष्टीने मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली, तिच्याकडे येते. ती गोष्ट कॅल्शियम नाही, झोळी आहे.

तीन आठवडे म्हणजे फार झाले, ताई. झोळी असते ती आग भडकलेली असतानाच्या दोन-तीन दिवसांपुरती. त्यानंतरही हात बांधलेला राहिला तर सांध्याभोवतीचं वेष्टण आकसतं आणि त्यातून फ्रोजन शोल्डर होतो. डायबेटिस असलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि एकदा सांधा आखडला की तो सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. कॅल्शियम निघून गेलं आणि खांदा आखडून बसला, असे रुग्ण मी पाहिलेत. त्यांना बघून फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

म्हणून हे पत्र वाचून झालं की झोळी काढा. मग घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा. कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवा. तुम्ही हात सैल सोडायचा आणि समोरच्याने तुमचं मनगट धरून पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचा. डाव्या हाताशी तुलना करा. उजवा डाव्याइतका किंवा थोडाच कमी जात असेल तर सांधा मोकळा आहे, वर हात जात नाही तो दुखण्यामुळे. पण दुसऱ्याने नेऊनही पंजा भिंतीला अडल्यासारखा मध्येच थांबत असेल, तर आखडायला सुरुवात झाली असं समजा आणि या आठवड्यातच फिजिओथेरपिस्टना गाठा.

व्यायाम आजपासून. पहिला लंबकाचा. डावा हात टेबलावर टेकून कमरेत वाका, उजवा हात मेलेल्यासारखा खाली लोंबू द्या. आता हात हलवायचा नाही, अंग हलवायचं. अंग पुढे-मागे झुललं की हात आपोआप घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. मग लहान लहान गोल. मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. याला बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांचं नाव आहे. १९३४ मध्ये खांद्यावर भलामोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच. इतका साधा व्यायाम अजून टिकून आहे कारण त्यात वजनाने सांधा आपसूक सुटतो आणि दुखऱ्या कंडरेवर ताण येत नाही. बहुतेक लोक मात्र तो चुकीचा करतात. खांद्याचे स्नायू आवळून हात जोरजोरात गरगर फिरवतात. बोटं सैल आहेत का बघा. बोटं आवळलेली असतील तर खांदाही आवळलेला आहे.

दुसरा, टेबलाशी बसून. तळव्याखाली मऊ फडकं ठेवा आणि पुसल्यासारखा हात पुढे सरकवत न्या, सोबत छातीही टेबलाकडे झुकवा. जिथे ताण जाणवतो तिथे चार-पाच श्वास थांबा, मागे या. दहा वेळा. तिसरा, दोन्ही हातांत आडवी काठी धरून, कोपरं अंगाशी ठेवून, डाव्या हाताने काठी ढकलत उजवा पंजा बाहेर न्यायचा.

दुखेल का? हो, थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालेल, ते रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत आपल्या जागी यायला हवं. रात्र खराब गेली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. ताकदीचे व्यायाम, रबरी पट्टा ओढणं वगैरे, हे हात बऱ्यापैकी वर जायला लागल्यावर. ते कुणाच्या तरी देखरेखीखाली सुरू करा आणि किमान तीन महिने करा. लोक तीन आठवड्यांत बरं वाटलं की सोडतात.

मालिशबद्दल. नणंदेला सांगा, स्फटिक कंडरेच्या आत आहेत, वर स्नायूचा जाड थर आहे, हाडाचं छप्पर आहे. तेल तिथे पोचत नाही आणि रगडल्याने काही विरघळत नाही. सुजलेल्या बर्सावर जोर दिला तर ती आणखी सुजेल. मानेच्या बाजूला आणि पाठीच्या वरच्या भागात स्नायू आखडले असतील, तिथे हलक्या हाताने तेल लावून चोळलं तर बरं वाटेल, ते जरूर करून घ्या. कळ पुन्हा उसळली तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. गरम शेक कळ पूर्ण शमल्यावर, व्यायामाच्या आधी. डायबेटिसमुळे त्वचेची जाण कमी असेल तर शेक किंवा बर्फ जपूनच लावा.

झोपेसाठी एक छोटी युक्ती. पाठीवर झोपा आणि उजव्या कोपराखाली टॉवेलची घडी ठेवा, म्हणजे कोपर छातीच्या पातळीत राहील, खाली लोंबणार नाही. कुशीवर झोपायचं तर डाव्या, आणि पोटाशी उशी घेऊन तिच्यावर उजवा हात. एवढ्यानेही पुष्कळांची रात्र बदलते.

गोळ्यांचं थोडं जपून. या दुखण्यावर नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा सूज उतरवणाऱ्या गोळ्या चांगल्या लागू पडतात, पण डायबेटिस असताना त्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात. शिवाय रक्तदाबाची औषधं चालू असतील किंवा पित्ताचा, अल्सरचा त्रास असेल तर आणखी सांभाळायला हवं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, झालेली नसेल तर आधी ती करा, मग तुमच्या डॉक्टरांना विचारून मोजके दिवस घ्या. स्वतःच्या मनाने दुकानातून आणून महिनाभर घेऊ नका.

आता पुढचे उपाय, म्हणजे कुणी सुचवले तर गोंधळायला नको.

स्टिरॉइडचं इंजेक्शन बर्सात देतात. आग विझवायला ते चांगलं, काही आठवडे आराम पडतो. पण ते दिल्यावर काही दिवस तुमची साखर वर जाईल. घ्यायची वेळ आलीच तर आधी डायबेटिसच्या डॉक्टरांशी बोला आणि त्या दिवसांत साखर रोज तपासा. सारखं सारखं घ्यायचं हे इंजेक्शन नाही.

दुसरा उपाय सुईने साठा धुऊन काढायचा. हे मी स्वतः करते. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई थेट साठ्यात न्यायची आणि सिरिंजमधलं सलाईन आत ढकलायचं. मग दट्ट्यावरचा अंगठा सैल सोडायचा. सलाईन आपोआप उलटं येतं, आणि येताना पांढरा ढग घेऊन येतं. पुन्हा ढकलायचं, पुन्हा ढग. सिरिंज थोडा वेळ स्थिर ठेवली की ढग खाली बसतो, तळाला फळ्याच्या कट्ट्यावर साचते तशी पांढरी पूड दिसते. रुग्णाला ती दाखवली की त्याच्या चेहऱ्यावर असा काही सुटल्याचा भाव येतो, की मला या उपायाचं फार कौतुक वाटायचं. मग २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नॉर्वे आणि स्वीडनमधल्या २२० रुग्णांचा अभ्यास आला. काहींना धुणं आणि स्टिरॉइड दोन्ही दिलं, काहींना धुण्याचं नुसतं नाटक करून स्टिरॉइड दिलं, आणि काहींना फक्त नाटक, स्टिरॉइडही नाही. कुणाला काय मिळालं ते रुग्णांना माहीत नव्हतं. चार महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. स्टिरॉइड मिळालेल्यांना पहिले काही आठवडे बरं वाटलं, इतकंच. तेव्हापासून सुई हातात घेण्याआधी मी दोनदा विचार करते. असह्य कळ आणि मऊ झालेला साठा असेल तर अजूनही करते. तुमची कळ ओसरतेय, तर आता मला त्याची गरज दिसत नाही.

शॉकवेव्ह हा तिसरा. बाहेरून ध्वनिलहरींचे जोरदार ठोके देतात. हा उपाय हट्टी, कोरड्या खडूसाठी. २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १४४ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात जास्त ताकदीच्या लहरींचा फायदा कमी ताकदीच्या लहरींपेक्षा स्पष्ट दिसला. म्हणजे कुठलंही शॉकवेव्ह यंत्र सारखंच, असं नाही. ठोके दुखतात, आणि आग चालू असताना ते घेऊ नयेत.

आणि ऑपरेशन. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही, ज्यांना लागतं त्यांचं करते. कोणाला लागतं? फोटोत साठा ठळक आणि कडक आहे, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ मनापासून व्यायाम आणि बाकीचे उपाय झालेत, तरी रोजचं जगणं अवघड आहे, अशांना. तुम्ही यातल्या एकाही अटीत बसत नाही. शिवाय दुर्बिणीची भोकं छोटी असली तरी त्यानंतरचा खांदा सावरायला काही महिने जातात, आणि डायबेटिस असताना आखडण्याचा धोका तिथेही असतोच. त्या डॉक्टरांकडे परत जा आणि सरळ विचारा, 'साठा विरघळतोय असं फोटोवरून वाटतं का? दोन महिने थांबलं तर काय बिघडेल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

थांबायचं, पण काही गोष्टी दिसल्या तर अजिबात थांबायचं नाही. ताप, थंडी वाजणं, खांदा लाल आणि गरम होणं आणि अंगात त्राण नसणं, हे सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं. डायबेटिसमध्ये ते त्याच दिवशी दाखवावं लागतं. खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांद्याचा प्रश्न नाही, तडक इस्पितळ. हे डाव्याच बाजूला होतं असंही नाही. बोटांना मुंग्या किंवा पंजाची पकड सैल वाटली तर मान तपासायला हवी. आणि पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलेनासा झाला तर कंडरा तुटली का ते बघावं लागतं.

दुसऱ्या खांद्याबद्दल विचारलंत. काही जणांना दोन्हीकडे साठा असतो, हे खरं. पण डावा दुखत नसेल तर त्याचा फोटो काढू नका. वर सांगितलं तसं, साठा असूनही आयुष्यभर न दुखणारे खांदे असतात. बघायला गेलात, एखादा पांढरा ठिपका दिसला, की उगाच त्या हातालाही जपायला लागाल.

उजव्याचा पुढचा फोटो मात्र सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नको. दर आठवड्याला काढून काही कळत नाही. आणि तोवर दुखणं गेलं आणि फोटोत थोडा साठा उरलेला दिसला, तरी हरकत नाही.

शाळेत जायला लागा. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, छातीच्या उंचीला लिहा. वरची ओळ लिहायची वेळ आली तर एखाद्या मुलाला पुढे बोलवा, मुलांना ते आवडतंच. वह्यांचा गठ्ठा डाव्या हातात. हात खांद्याच्या वर बिनत्रासाचा जायला लागला की फळ्यावर एकेक ओळ वर सरका.

नवा फोटो काढलात की जुन्याबरोबर पाठवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मला तो पांढरा ढग किती विरला ते बघायचंय.